काचबिंदूची सोयरीक

मुलाखतीत बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "भावंडं किती?"

मी ऑप्टोमेट्रीचा कोर्स करून नुकतीच बाहेर पडले होते. चष्म्याचे नंबर, भिंगं, यंत्रांची नावं असं सगळं घोकून आले होते. भावंडांची तयारी केली नव्हती. "दोन," म्हटलं. "मोठा भाऊ आणि धाकटी बहीण."

"आईवडिलांपैकी कुणाच्या डोळ्यांत थेंब चालू आहेत?"

"नाहीत."

"घरात कुणी शेवटी शेवटी आंधळं झालेलं?"

मी म्हणाले, आईच्या आईला दिसत नव्हतं, पण ते म्हातारपणामुळे. बाई खुर्चीतून उठल्याच. "म्हातारपणानं केस पांढरे होतात. आंधळं व्हायला कारण लागतं," असं म्हणून त्यांनी मला आतल्या अंधाऱ्या खोलीत नेलं, बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि बराच वेळ माझ्या डोळ्यांत डोकावत राहिल्या. नोकरी मिळाली हे मला दोन्ही डोळे तपासून झाल्यावर कळलं. थेंबांमुळे समोरचं धुरकट दिसत होतं, त्यामुळे नेमणुकीच्या कागदावर सहीसुद्धा अंदाजानंच केली.

आमचा दवाखाना नारायणगावात, एका ट्रस्टचा. बाई तिथल्या मुख्य डॉक्टर. साठी ओलांडलेली, अंगानं काटक, सुती साडी आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. पुण्यातली चांगली चाललेली प्रॅक्टिस सोडून त्या इकडे का आल्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं तर "इथली मासवडी" एवढंच सांगायच्या. ते अगदीच खोटं नसावं. ज्या घरची मासवडी चांगली, त्या घरच्या पेशंटला बघायला त्या आपण होऊन जायच्या.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, नाती मात्र पक्की राहत. "अगं, ती नाही का ओतूरची, जिची धाकटी बहीण बेल्ह्यात दिलीय आणि जिच्या मामांचा डावा डोळा गेलाय," अशी माणसाची ओळख. मोतीबिंदूचा पेशंट आला की त्या कामापुरतं बोलायच्या. काचबिंदूचा आला की खुर्ची पुढे ओढायच्या. भाऊ किती, बहिणी कुठं दिल्यात, मुलं काय करतात, आईचं माहेर कोणतं. याचा परिणाम असा झाला, की जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही तालुक्यांत बाई लग्नं जमवतात अशी बातमी पसरली. इतक्या चौकशा दुसरं कोण करणार? ऑपरेशन झालेले एक आजोबा डोळ्याला पट्टी असतानाच कोपरीच्या खिशातून नातवाचा बायोडाटा काढून म्हणाले, "पोरगा चाकणला कंपनीत हाय. निर्व्यसनी हाय. तुमच्या बगन्यात येखादी आसंल तर सांगा."

बाईंनी तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि परत दिला. "सगळं छान आहे. पण यात आजोबांच्या डोळ्यांचं काहीच लिहिलेलं नाही."

काचबिंदू म्हणजे काय हे त्या गावोगाव एकाच पद्धतीनं समजावायच्या. "मोतीबिंदू पाहुण्यासारखा. आला की सगळ्या घराला कळतं, आणि त्याला वाटेला लावता येतं. काचबिंदू भाऊबंदासारखा. तो बांध कोरतो. दर नांगरटीला थोडा थोडा. मधलं पीक तुम्हाला उभं दिसतं म्हणून तुम्ही खूश. मोजणी होते तेव्हा कळतं, कडेचं रान कधीच गेलंय." आमच्याकडे बांधाचं दुःख कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

"आणि गेलेलं रान?" कुणीतरी विचारायचंच.

"ते परत मिळत नाही. उरलेलं राखायचं."

दवाखान्याची जीप बाई स्वतः चालवायच्या. तिचा हॉर्न मी रुजू झाले तेव्हापासून बंद होता आणि तो दुरुस्त करायची बाईंना गरजच वाटली नाही. त्या खिडकीतून डोकं बाहेर काढून "ओ भाऊ, सरका" म्हणायच्या आणि उसाचा ट्रॅक्टरसुद्धा बाजूला व्हायचा. एकदा बेल्ह्याच्या रस्त्यावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. बाईंनी ओरडून कळप थांबवला, गाडी बाजूला घेतली आणि मेंढपाळाला म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना मी थेंब दिले होते. तुम्ही का नाही आलात?" तो म्हणाला, "मेंढरं कोन बगनार, बाई?" बाई म्हणाल्या, "ही बघेल," आणि माझ्याकडे बोट केलं. त्याचे डोळे तपासून होईपर्यंत मी हातात काठी घेऊन रस्त्यात उभी होते. मेंढ्यांनी माझं काहीएक ऐकलं नाही. त्याचे डोळे मात्र ठणठणीत निघाले.

बाईंच्या या आवाजामुळेच पुढचा सगळा प्रकार घडला.

लोणीचे एक शेतकरी आमच्याकडे आले. पन्नाशीचे असतील. घरचं बागायत, माणूस मोठा रुबाबदार, पण मुलीचा हात धरून आत आला. आम्ही त्यांना अण्णा म्हणायला लागलो. मुलगी मंचरला मेडिकलच्या दुकानात फार्मासिस्ट होती. अण्णांना वाटत होतं मोतीबिंदू आहे, काढून टाकला की झालं. बाईंनी तपासलं. उजवा डोळा संपला होता. डाव्यानं नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसत होतं. बाईंनी त्यांना बांधाचं सगळं सांगितलं. अण्णांनी तळहातानं डावा डोळा झाकून पाहिला. मग म्हणाले, "म्हंजी उजवा गेला तो गेलाच."

"गेलाच. डावा आपण राखू. भावंडं किती?"

एक भाऊ चाकणला होता. तो रविवारी आला, तपासला, त्याला काही नव्हतं. एक बहीण डिंभ्याकडे दिली होती. तिला निरोपावर निरोप गेले, पण भातलावणीचे दिवस होते, ती काही येईना. तेव्हा एका सकाळी बाईंनी जीप काढली.

डिंभ्याच्या अलीकडच्या खाचरांत बायका ओळीनं वाकून लावणी करत होत्या. बाई छत्री घेऊन बांधावर उभ्या राहिल्या आणि हॉर्नच्या आवाजात म्हणाल्या, "लोणीच्या अण्णांची बहीण कोण? बाहेर या. तुमच्या भावाला काचबिंदू आहे, तुमच्या घराण्यात तो असणार. डोळे बघायचेत."

सगळ्या बायका उभ्या राहिल्या. अण्णांची बहीण चिखलाच्या पायांनी बाहेर आली. जीपच्या खिडक्यांना घोंगडी लावून आम्ही आत अंधार केला आणि तिथंच तिचे डोळे पाहिले. रोग होता, पण नुकता लागलेला. नजर सगळी शाबूत. थेंब चालू केले तर ती बाई जन्मभर बघत राहणार होती. बाई इतक्या खुशीत होत्या की येताना घोडेगावला त्यांनी मला भजी खाऊ घातली.

त्या लावणीतल्या एका बाईचं माहेर राजुरीचं होतं. अण्णांच्या मुलीचं लग्न राजुरीच्याच मुलाशी ठरलं होतं.

आठवडाभरात अण्णा पुन्हा मुलीला घेऊन दवाखान्यात आले. बसायला सांगितलं तरी बसले नाहीत. "बाई, तुमी डोळं बगितलं, उपकार झालं. भनीचं डोळं राखलं, त्ये बी उपकार. पर राजुरीवाल्यांचा निरोप हाय. तुमच्या घराण्यात आंधळेपन हाय म्हनं. पोरीच्या रक्ताचा रिपोर्ट आना, न्हाईतर सुपारी परत."

बाईंनी हातातली बॅटरी टेबलावर ठेवली.

मुलगीच म्हणाली, "बाई, लग्नाचं नंतर बघू. आधी मला तपासा." तिला तपासलं. डोळे उत्तम होते.

"मग त्येच लिवून द्या," अण्णा म्हणाले. "पोरीला हा रोग न्हाई आन् व्हनार न्हाई."

"आज नाही, एवढं लिहून देते. होणार नाही असं मी तुमच्या मुलीबद्दल लिहू शकत नाही आणि माझ्याबद्दलही लिहू शकत नाही."

"मंग रक्ताचा रिपोर्ट?"

"असा हो-नाही सांगणारा रिपोर्ट नसतो, अण्णा. असता तर मी गावोगाव कशाला हिंडले असते?" बाईंनी चष्मा काढून पुसला. "त्या बांधावर मी ओरडायला नको होतं. ती तुमची गोष्ट होती, माझी नव्हती. चला, राजुरीला जाऊ."

राजुरीचं घर नवं, आरसीसीचं. अंगणात टोमॅटोच्या क्रेटची चळत. मुलाचे वडील साधे, हसतमुख. मुलगा मोबाईलमध्ये तोंड खुपसून बसलेला. घरात चालायचं ते मुलाच्या आईचं, ते आत पाऊल टाकताच कळलं. मोठ्या सुनेनं पाणी आणलं. मागोमाग सासूबाई आल्या, आणि दाराच्या कडेला ठेवलेल्या बादलीला त्यांचा पाय लागून ती खडखडत गेली.

"किती येळा सांगायचं, बादली वाटंत ठिवत जाऊ नको?" त्या सुनेला म्हणाल्या. सून बादली उचलून आत गेली. रोजचं असावं. बाई मात्र त्या दाराकडे बघत राहिल्या.

"डॉक्टरीनबाई, आमचं काय म्हननं न्हाई," सासूबाई बसता बसता म्हणाल्या. "पोरगी नक्षत्रावानी हाय. फकस्त रिपोर्ट आना. आजकाल समद्याचं रिपोर्ट निघत्यात."

बाईंनी आवाज बेतानं लावला. "काही रोग असे असतात, की आईबापांकडून एक खोट आली की रोग आला. काचबिंदूचं बहुतेक वेळा तसं नसतं. आपल्या सगळ्यांच्या घडणीत बारीक बारीक फरक असतात. कुणाच्या डोळ्यातलं पाणी जरा हळू निचरतं, कुणाची डोळ्यामागची नस जरा नाजूक. एकेका फरकानं काही बिघडत नाही. असे फरक शास्त्रज्ञांना खूप सापडलेत आणि अजून सापडतायत. त्यातले थोडे अण्णांच्या घरात आहेत, थोडे माझ्यात, थोडे तुमच्यात. डिंभ्याचं धरण काय एका ओढ्यानं भरतं का? डोंगरातून शंभर ओढे येतात. एक ओढा दाखवून, हा बघा पूर आणणारा, असं म्हणता येत नाही. कुणाकडे जास्त ओढे येतात, कुणाकडे कमी."

"म्हंजी आमच्यात बी हाय म्हना की," मुलाचे वडील म्हणाले. त्यांना गंमत वाटत होती.

"आमच्यात कुनाला काय न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "माजी आई शेवटपत्तुर सुईत दोरा ववायची."

"वा. मग तुमच्या घरापासूनच सुरुवात करू," म्हणत बाईंनी पिशवी उघडली.

मधल्या खोलीचे पडदे ओढले. डोळ्याचा दाब मोजायचं आमचं यंत्र हातात धरायचं असतं, ते टिकटिक करतं, दुखत नाही. आधी मुलगा बसला. ठीक. वडील बसले. ठीक, फक्त जवळचा चष्मा लागला होता. शेजारपाजारचे दोघेतिघे आपण होऊन रांगेत आले. बाई एरवी आकडे मोठ्यानं सांगायच्या, मी लिहून घ्यायचे. सासूबाईंच्या वेळी यंत्र टिकटिकलं, आणि बाई काही बोलल्या नाहीत. पुन्हा मोजलं. मग बॅटरी घेऊन आत पाहिलं. मग एकेक डोळा झाकायला सांगून कडेला बोटं धरली आणि विचारलं, "किती?" सासूबाई म्हणाल्या, "कुठं हायती बोटं?"

बाईंनी पिशवी बंद केली आणि सहज आवाजात म्हणाल्या, "चहा टाकता का? मी पण येते आत."

मी पिशवी घेऊन मागे गेले. स्वयंपाकघरात बाई त्यांच्या अगदी जवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि इतक्या हळू बोलल्या, की दोन पावलांवर मला कान द्यावा लागला.

"तुमच्या डोळ्यांचा दाब जास्त आहे. नसही थोडी गेलेली दिसतेय. दवाखान्यात मोठ्या यंत्रावर नीट बघावं लागेल, पण मला काचबिंदूच वाटतो. मधलं सगळं दिसतंय, कडेचं गेलंय."

सासूबाईंनी ओट्याला हात टेकला. "माज्या आईला न्हवतं. बापाला न्हवतं. मंग मला कुठनं आलं?"

"थोडं आईकडून, थोडं वडिलांकडून. त्यांच्यात सुटं सुटं होतं, तुमच्यात एकत्र आलं असेल. शिवाय वय असतं, आणखी काही असतं. आम्हालाही सगळं कळत नाही."

सासूबाईंनी स्टोव्हवरच्या पाण्यात चहाची पूड टाकली.

"भाईर सांगनार का तुमी?"

"नाही. सांगायचं की नाही ते तुमचं. एकदा दुसऱ्याचं सांगून बसलेय मी, पुन्हा नाही."

"आन् त्या पोरीचं?"

"तेही तुम्हीच ठरवा. त्यासाठी मी हे सांगत नाहीये. उद्या दवाखान्यात या, उरलेलं राखता येईल. लग्न झालं नाही तरी या."

सासूबाईंनी साखर घातली, ढवळली. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी बादली वाटंत नसती."

"असेलही कधीतरी. तुम्हाला ती दिसत नाही, एवढं खरं."

तेवढ्यात मोठी सून कप घ्यायला आत आली. सासूबाईंनी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला. "दे हिकडं. सकाळपासून उभीच हाईस. बस जरा." सून इतकी घाबरली की तिनं माझ्याकडे बघून, काय झालं, असं खुणेनं विचारलं. मी पिशवीचा पट्टा नीट करत राहिले.

बाहेर चहा देता देता सासूबाई म्हणाल्या, "रिपोर्टबिपोर्ट ऱ्हाऊ द्या. तारीख काढा."

"आगं, पर तूच म्हनली व्हती..." त्यांचे मालक म्हणाले.

"म्हनली व्हती. आता न्हाई म्हनत."

परतताना जीपमध्ये अण्णांनी दोनदा विचारलं, "बाई, आत काय सांगितलं तुमी?" बाई म्हणाल्या, "चहात साखर कमी घाला म्हटलं." अण्णांनी त्यावर विश्वास ठेवला नाही, पण पुढे विचारलंही नाही. खरं सांगायचं तर बाईंच्या हातात सगळी बैठक होती. आतलं एक वाक्य बाहेर बोलल्या असत्या तर राजुरीकरांना मान वर करायला जागा उरली नसती. मी तरुण होते, मला ते हवंही होतं. बाई मात्र सुपारी परत येण्याची जोखीम घेऊन गप्प राहिल्या होत्या.

हे सगळं मी आज लिहू शकते, कारण राजुरीच्या त्या सासूबाई स्वतःच हे आता सगळ्या गावाला सांगतात. दुसऱ्या दिवशी त्या खरंच दवाखान्यात आल्या. नव्या सुनेला त्यांनी लग्नाआधीच बोलावून सगळं सांगून टाकलं होतं. सून फार्मासिस्ट, त्यामुळे थेंबांची बाटली कधी संपणार हे सासूच्या आधी तिला कळतं. दर वर्षी दोघी एकदम तपासायला येतात आणि रांगेत पुढे कोण यावरून वाद घालतात. भजनाला, हळदीकुंकवाला, जिथं बायका जमतील तिथं सासूबाई सांगतात, "आमच्यात कुनाला न्हाई, आसं म्हनू नका. मी बी म्हनायची."

बाई आता नाशिकला भाचीकडे असतात. गुडघ्यांनी गाडी सोडायला लावली. तिथल्या सोसायटीत त्यांनी वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या घराण्यांची माहिती काढली आहे, असं भाची फोनवर कुरकुरत सांगते. बाई फोनवर आल्या की इकडची तिकडची चौकशी करत नाहीत. "डिंभ्याची बहीण कशी आहे? येते ना?" येते म्हटलं की फोन ठेवून देतात.

त्या आठवल्या की मला लोणीचं ते लग्न डोळ्यांपुढे येतं. कार्यालय माणसांनी भरलं होतं. अण्णा नव्या फेट्यात मुलीकडच्या माणसांत उभे होते, पण गर्दी, दिवे, चारी बाजूंनी लोकांची हालचाल, त्यांच्या डाव्या डोळ्याच्या अरुंद वाटेतून कुठं बघावं हेच त्यांना उमगेना. मुहूर्त जवळ आला तसे ते नुसतेच समोरच्या खांबाकडे तोंड करून उभे राहिले. बाई गर्दीतून वाट काढत त्यांच्या उजव्या बाजूला, जिकडचं त्यांना काहीच दिसत नव्हतं तिकडे जाऊन उभ्या राहिल्या आणि कानाशी हळूहळू सांगू लागल्या. आता मामा मुलीला घेऊन आले. आता अंतरपाट धरला. तुमच्या बहिणीच्या हातात कऱ्हा आहे.

"पोरगी रडती का?" अण्णांनी विचारलं.

"नाही. हसतेय."

"खरं सांगता?"

बाईंनी दोन्ही हातांनी अण्णांचा चेहरा धरला, जसा त्या यंत्रासमोर पेशंटचा धरायच्या, आणि थोडा डावीकडे वळवला, मग किंचित खाली. मंगलाष्टकं संपली, वाजंत्री सुरू झाली, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या. मुलगी हसत होती. बाईंनी हात काढून घेतले तरी अण्णांनी मान हलवली नाही.

"दिसली," ते म्हणाले.

जेवणाची पंगत बसेपर्यंत ते तसेच उभे होते.